काकांची सायकल आणि उलटे आटे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

 

या व्यासपीठावर आजवर मोठमोठी माणसं बोलली आहेत. मी वक्ता नाही. कोठीवर सरकारी नोकरी करतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला आहे आणि हाताला ग्रीस लागल्याशिवाय रविवार गेला असं मला वाटत नाही, एवढीच माझी पात्रता. चिटणीसांनी विचारलं, पत्रिकेत विषय काय छापू? मी म्हटलं, जुन्या रेसर सायकलची कमी खर्चात फिक्स्ड गिअर सायकल. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘यावर अर्धा तास?’ मी म्हटलं, हो, आणि मागे उभी राहणारी मुलं ऐकायला येणार असतील तर पाऊण तास.

मंडळी, ती मुलं माझ्यामुळे या नादाला लागली आहेत. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या सायकली उभ्या आहेत. येताना मी पाहिल्या. त्यातल्या तीन सायकलींचं फ्रीव्हील वेल्ड केलेलं आहे. दोघांना मागचा ब्रेक नाही आणि एकाला तर पुढचाही नाही. म्हणून आज बोलणं भाग आहे.

आधी ही काय भानगड आहे ते सांगतो. लहान मुलांची तीनचाकी आठवा. तिचं पायडल थेट पुढच्या चाकाला बसवलेलं असतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. उतारावर पायडलं गरगर फिरायला लागली की पोर दोन्ही पाय वर उचलून ओरडतं. आपल्या नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असतं. आपण पाय थांबवले तरी चाक पुढे पळत राहतं आणि आतल्या खटक्यांचा टकटक आवाज येतो. फिक्स्ड गिअरमध्ये ते खटके नाहीत. मागचं दातेरी चक्र हबला घट्ट. चाक फिरतं तोवर पाय फिरलेच पाहिजेत. पाय मागे दाबले की सायकल मंदावते. घरातलं शिलाई मशीन ज्यांनी पायाने चालवलं आहे, त्यांना हे लगेच कळेल. तिथेही चाक आणि पाय एकमेकांना सोडत नाहीत.

हे काही नवीन फॅड नव्हे. सायकल जन्माला आली तेव्हा ती अशीच होती. फ्रीव्हीलचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. पुढेही शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचे चोचले वाटायचे. तूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअर वापरायची परवानगी १९३७ साली मिळाली. इंग्लंडमध्ये रे बूटी नावाच्या स्वाराने १९५६ साली शंभर मैल चार तासांच्या आत पुरे केले, तेही फिक्स्ड गिअरवर. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या शर्यती होतात. त्यांत सायकलला ब्रेकच नसतात. मुलं मला हेच ऐकवतात. पण बाबांनो, तिथे ट्रॅक गोल असतो, सगळे एकाच दिशेने जातात आणि मध्ये गाय येत नाही. मांडवीला संध्याकाळी सात वाजता काय काय मध्ये येतं ते मी सांगायला नको.

आता काकांच्या सायकलकडे येतो. काकू समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो.

काकांनी ती सायकल १९८६ साली घेतली. वळलेलं हँडल, बारीक टायर, पुढे दोन चक्रं, मागे पाच, म्हणजे दहा गिअर. तेव्हा आमच्या वाड्यात स्कूटर दोघांकडेच होती, पण लोक पाहायला यायचे ते या सायकलला. रविवारी पहाटे काका आणि त्यांचे दोन मित्र डभोईला नाश्त्याला जाऊन यायचे. वर्षातून एकदा पावागडच्या पायथ्यापर्यंत. मला मांडी लांब करून दांडीवर बसवायचे आणि गिअर बदलताना सांगायचे, ‘आता ऐक.’ कटकट आवाज व्हायचा, चेन एका दातावरून दुसऱ्यावर उडी मारायची. मशीनचं वेड मला तिथे लागलं असावं.

काका गेल्यावर ती सायकल माळ्यावर गेली. बारा-तेरा वर्षं तिथेच. वाडा रिकामा करायची वेळ आली तेव्हा भंगारवाला दारात उभा होता आणि तो ती किलोच्या भावाने मागत होता. काकू म्हणाल्या, ‘तू नेतोस का? नाहीतर ह्याला देते.’ मी नेली.

घरी आणून पाहिलं तर फ्रेम ठणठणीत. जुनं लोखंड, पोपडे निघाले होते, पण सांधे मजबूत. बाकी सगळ्याचे हाल. मागचा डिरेलर वाकून तुटलेला, पाच चक्रांचं फ्रीव्हील गंजून एकजीव झालेलं, गिअरच्या दांड्या अडकलेल्या. तो सगळा संच नव्याने बसवायचा तर खर्च नव्या बऱ्यापैकी सायकलच्या जवळ जात होता आणि त्या मापाचे भागही सहज मिळत नव्हते. म्हणून विचार केला, गिअर काढूनच टाकू. वडोदरा सपाट आहे. मांजलपूरहून कोठीपर्यंत माझा रोजचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा, त्यात चढ एकच, लालबागच्या रेल्वे पुलाचा. एका गिअरवर निभणार.

फिक्स्ड गिअरची कल्पना मात्र चिरंजीवांची. तेव्हा तो अकरावीत होता. मीही म्हटलं, करून पाहू.

इथे माझी चूक झाली आणि ती लपवून उपयोग नाही. मी डिप्लोमावाला, मला आटे म्हणजे काय ते कळतं, तरी मी स्वस्ताच्या मागे गेलो. एका मिस्त्रीने सांगितलं, ‘साहेब, साध्या सायकलचं अठरा दातांचं फ्रीव्हील लावा, ते मी वेल्ड करून देतो, ऐंशी रुपयांत काम.’ फ्रीव्हील दीडशेचं. आत-बाहेर चार टाके मारले की खटके बंद, झालं फिक्स्ड. त्याने ते अर्ध्या तासात करूनही दिलं. मागचा ब्रेक गंजला होता, तो मी काढून ठेवला. पुढच्या ब्रेकची रबरं चाळीस वर्षांपूर्वीची, दगडासारखी. म्हटलं, पाय मागे दाबून थांबता येतंय, ब्रेक हवाय कशाला.

सतरा दिवस चालवली. अठराव्या दिवशी ऑफिसातून परतताना लालबागचा पूल उतरत होतो. वेग वाढायला लागला म्हणून पाय मागे दाबले. पाय अर्धा फेरा मागे गेले आणि पुढे काहीच नाही. पायडलला पकडच नाही. क्षणभर वाटलं चेन तुटली. चेन शाबूत होती. फ्रीव्हील हबवरून सुटून बाहेर सरकलं होतं. पुढचा ब्रेक दाबला तर रबर रिमवरून नुसतं घसरलं. मग बूट रस्त्यावर घासत, हँडल सांभाळत, पुलाच्या पायथ्याशी एका भाजीच्या लारीच्या चाकावर जाऊन आदळलो. लारीवाल्याची टोमॅटोची टोपली उलटली. माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या लारीवाल्यानेच मला रिक्षात घातलं आणि टोमॅटोचे पैसे घ्यायला तयार नव्हता.

मला झोप लागली नाही ती मनगटामुळे नव्हे. आदल्या संध्याकाळी त्याच पुलावरून चिरंजीव ती सायकल घेऊन गेला होता.

आता मुलांनो, पुढे या जरा, हे नीट ऐका. हे का झालं?

सायकलच्या हबवर फ्रीव्हील फिरवून बसवतात. त्याचे आटे सरळ, म्हणजे उजवीकडे फिरवलं की घट्ट. आपण पायडल पुढे मारतो तेव्हा चेन ते आणखी घट्ट करत असते. म्हणून जुनं फ्रीव्हील काढताना जीव जातो. पण साध्या सायकलवर मागे पाय फिरवले तर काय होतं? काही नाही, ते नुसतं टकटकतं. म्हणजे हबवर उलटं बळ कधी येतच नाही. म्हणून ते सुटू नये यासाठी बनवणाऱ्याने काही सोय केलेली नसते. गरजच नव्हती. तुम्ही वेल्ड केलंत की खटके गेले आणि पाय मागे दाबलेत की सगळं बळ त्या आट्यांवर उलटं येतं. तुम्ही ब्रेक मारत नसता, पाना लावून फ्रीव्हील खोलत असता. शिवाय ते पोलाद कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने कुठे ठिसूळ होईल, कुठे मऊ पडेल, सांगता येत नाही. वेल्ड कितीही छान झाला तरी आट्यांचा प्रश्न तसाच राहतो.

खऱ्या फिक्स्ड गिअरच्या हबला दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर सरळ आटे, त्यावर दातेरी चक्र. बाहेरच्या लहान पायरीवर उलटे आटे, त्यावर एक चकती, तिला लॉकरिंग म्हणतात. चक्र सुटायला निघालं की ते चकतीला आपल्याबरोबर फिरवू पाहतं, पण चकतीचे आटे उलटे, त्यामुळे ती आणखी घट्ट होते. दोघं एकमेकांना अडवून धरतात. हे तत्त्व आपल्या सायकलवर आधीपासून आहे. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं ते याच घराण्यातलं कारण. सगळ्या सायकलवाल्यांना ते माहीत आहे आणि तरी मला मनगट मोडल्यावर आठवलं.

एक मधला मार्गही आहे, तो सांगायला हवा. पायडलच्या आसाला डाव्या बाजूने जी वाटी बसते, तिच्यावरच्या चकतीचे आटे हबच्या आट्यांशी जुळतात. ती चकती चक्राच्या बाहेरून आवळायची आणि आट्यांना चिकटद्रव्य लावायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन म्हणून एक सायकल मिस्त्री होते, २००८ साली वारले. फिक्स्ड गिअरबद्दल त्यांच्याइतकं सोपं आणि प्रेमाने कोणी लिहिलं नसेल. असं हब वापरायचं तर सायकलला ब्रेक हवेतच, हे त्यांचंही म्हणणं. कारण ही चकतीही सरळ आट्याचीच, जोर जास्त झाला की तीही सुटू शकते. हौशी लोक त्या हबला आत्महत्येचं हब म्हणतात. मी एकटा चालवणार असतो तर कदाचित दोन चांगले ब्रेक लावून यावर भागवलं असतं. पण घरात सतरा वर्षांचा मुलगा होता. मी खरं हब मागवलं.

आता दुसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घ्यावा, मागे ठेवलेला आहे.

पहिली गोष्ट फ्रेम. मागचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच आडवी आहे का ते बघायचं. चेन ताणायला चाक पुढे-मागे सरकावं लागतं. जुन्या रेसर सायकलींना अशा पुढे उघडणाऱ्या तिरक्या-आडव्या खाचा असतात. हल्लीच्या गिअरच्या बहुतेक सायकलींना उभी खाच असते. तिथे चाक सरकत नाही आणि चेन ताणायची स्प्रिंगची दांडी फिक्स्डवर चालत नाही, कारण पाय मागे दाबले की ताण चेनच्या खालच्या बाजूला येतो आणि दांडी तुटते. खाच उभी असेल तर हा नाद सोडा, साधं एक गिअर आणि फ्रीव्हील लावा. त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं, दोन खाचांमधलं अंतर. काकांची सायकल पाच चक्रांची, अंतर १२० मिलिमीटर. ट्रॅकचं हब नेमकं तेवढंच असतं. नशीब. सहा-सात चक्रांच्या जुन्या सायकलींना १२६ असतं. तिथे आसावर दोन्ही बाजूंना वॉशर घालून भागतं.

मग जुनं फ्रीव्हील काढणं. याचं खास हत्यार मिळतं, पण माझ्या मापाचं मिळालं नाही. मग बाहेरची कडी खोलली. लक्षात ठेवा, ती उलट्या आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते. छिन्नी आणि हातोडीने हळूहळू. कडी निघाली की आतले बारीक छरे मूठभर ओसरीवर सांडतात. आमच्या घरी पुढे महिनाभर पायाखाली येत होते. आत जो गाभा उरतो तो शिकंजात पकडायचा आणि अख्खं चाक दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायचं. चाळीस वर्षांचा गंज होता. आदल्या रात्री रॉकेल घालून ठेवलं होतं, तरी शेजारच्या जोशीकाकांना हाक मारावी लागली. निघाला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला.

हब मागवताना तारांची भोकं मोजा. माझ्या रिमला ३६ भोकं, म्हणून हब ३६ चं. आपल्या साध्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला ४० भोकं असतात. ती रिम वापरायची म्हटली तर ट्रॅक हब जुळणार नाही, पैसे वाया. चाक विणण्याचं काम मी स्वतः केलं नाही. मनगट नुकतंच मोकळं झालं होतं. एका वृद्ध मिस्त्रीने तीनशे रुपयांत नव्या तारा विणून आऊट काढून दिला. चाक फिरवून रिमवर खडू धरून काढलेला आऊट. तो माणूस बोलत नाही, पण त्याने हबचे दुहेरी आटे पाहिले, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘आता बरोबर.’

नंतर चेनची रेघ. पुढचं चक्र आणि मागचं चक्र एका सरळ रेषेत हवं. गिअरवाल्या सायकलला चेन तिरकी चालते, कारण डिरेलर तिला सांभाळून घेतो. इथे तिरकी चालली तर ती पडते. आणि फिक्स्डवर चेन पडली की ती दात आणि तारांत अडकून मागचं चाक जागच्या जागी थांबू शकतं. मी सीटखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून पट्टीने मोजलं. पुढचं आतलं चक्र ४२ मिलिमीटरवर येत होतं, ट्रॅक हबचं मागचंही तेवढंच. म्हणून बाहेरचं मोठं ५२ दातांचं चक्र काढून टाकलं. बोल्ट लांब पडले, वॉशर घातले. चेन साध्या सायकलची रुंद, १८० रुपयांची. ताण असा की मधोमध बोटाने दाबल्यावर वर-खाली मिळून एक सेंटिमीटर हलावी. पायडल पूर्ण फेरा फिरवून बघा. चेन कुठे घट्ट, कुठे सैल होते. जिथे सगळ्यांत घट्ट तिथे मोजायचं.

दात किती घ्यायचे? पुढे ४२ आणि मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते. ताशी १५ किलोमीटरला मिनिटाला पन्नास फेरे, २५ ला त्र्याऐंशीच्या आसपास. मुलं मागे १४-१५ दात घेतात, वेगासाठी. त्याने सुरुवात जड होते, गुडघे दुखतात आणि थांबवताना पायात बळ उरत नाही. हलका गिअर घ्या. उतारावर पाय भरभर फिरतील, पुलावर मिनिटाला एकशे दहाच्या वर जातात, मग आपोआप ब्रेक आठवतो.

आणि ब्रेक. पुढचा नवा, मागचाही नवा. ब्रिटनमध्ये कायद्याने फिक्स्ड चाक हा एक ब्रेक मानतात, तरी पुढे हाताचा ब्रेक लावावाच लागतो. मी दोन्ही लावले. माझ्या रिम जुन्या, चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडी. पावसात ओल्या झाल्या की रबर त्यांच्यावर तेल लावल्यासारखं घसरतं. गणपतीचे दिवस म्हणजे पाऊस, त्यामुळे पावसात मी ती सायकल काढत नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरलेलं असेल तर तिकडून कोणीच जाऊ नये, पण गरनाळ्याचा तो उतार फिक्स्डवर कोरडा असला तरी मला आवडत नाही.

पायडलला पट्टे हवेत. पाय निसटला तर पायडलं फिरतच राहतात आणि नडगीवर बसतात. पट्ट्यांचे बाजारात बरेच पैसे सांगतात. मी मोच्याकडून जाड चामड्याची जोडी १२० रुपयांत शिवून घेतली. तीन वर्षं झाली, शिवण उसवलेली नाही.

खर्च विचारणारे आहेत, म्हणून सांगतो. हब १,९००, दातेरी चक्र ६००, लॉकरिंग २५०. तारा आणि विणकाम ७३२. दोन टायर ९००. ब्रेक, रबरं आणि केबली मिळून ५३०. चेन, पट्टे, ग्रीस यांचे ३६०. एकूण ५,२७२ रुपये. पहिल्या वेळचा खर्च फ्रीव्हील आणि वेल्डिंग मिळून २३०. त्या २३० मध्ये एक्स-रे आणि प्लास्टर धरलेलं नाही. रंग मी दिला नाही. जुनी सीट तशीच ठेवली. हँडलला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पैसे वाचवायला जागा पुष्कळ आहेत. हब, लॉकरिंग आणि ब्रेक या तीन जागा सोडून.

चालवताना कसं वाटतं, हे काकूंनी मला एकदा विचारलं होतं. पहिले आठ दिवस भीतीच वाटते. सवयीने पाय थांबवतो आणि पायडल माणसाला सीटवरून उचलतं. वळणावर सायकल कलली की पायडल रस्त्याला घासतं, कारण तिथेही ते फिरतच असतं. गतिरोधकावर उभं राहायचं तरी पाय फिरवतच. मग एक दिवस ते अंगात बसतं. सकाळी सहाला राजमहल रोडवर गर्दी नसते. पॅलेसच्या भिंतीकडून झाडांची ओल येते. वारा समोरून आहे की मागून, डांबर गुळगुळीत आहे की खडबडीत, सगळं पायाला कळतं. रावपुऱ्यात गर्दीत माणसाच्या चालीने सायकल सरकवता येते, ब्रेकला हात न लावता. मोटारीच्या गिअरवर पंचवीस वर्षं काम केलेल्या माझ्या एका मित्राने एक फेरी मारली आणि उतरून म्हणाला, ‘ही सायकल मला चालवत होती.’ ते खरं आहे, आणि म्हणूनच ती ज्याच्या हाती द्यायची त्याला आधी शिकवावं लागतं.

आणखी एक गोष्ट, ही घरातल्या बायकांनीही ऐकावी. फिक्स्ड सायकल स्टँडवर लावून चेन पुसायची वेळ आली तर चाक फिरवत फडका धरू नका. साध्या सायकलमध्ये फडका अडकला तर चेन थांबते. इथे फिरतं चाक चेनला ओढतच राहतं आणि फडक्याबरोबर बोट जातं. असे अपघात जगभर झाले आहेत, लोकांची बोटं गेली आहेत. चेन थांबलेली असताना थोडी थोडी पुसायची. लहान मुलं जवळ असतील तर चाकाला कुलूप. पँटला क्लिप, बुटांच्या नाड्या आत. ओढणी असेल तर ही सायकल नको.

काकूंचं एक म्हणणं होतं, त्याचं उत्तर मी आज सर्वांसमोर देतो. माझं प्लास्टर पाहायला त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘ह्यांची सायकल तू मोडलीस का रे?’ माझी नव्हे, सायकलची चौकशी आधी केली. मी म्हटलं, नाही. काकू, तुटलेला डिरेलर सोडून एकही भाग फेकलेला नाही. बाहेरचं मोठं चक्र, गिअरच्या दांड्या, केबली, जुनं हब, सगळं तेल लावून डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवलं आहे. डिरेलर अडकवायचा फ्रेमचा कान कापायला एक जण सांगत होता, नीटस दिसतं म्हणून. कापला नाही. कोणाला ती पुन्हा दहा गिअरची करायची असेल तर फ्रेमला एक भोकही नवं पाडावं लागणार नाही. चिरंजीवाला मी सांगून ठेवलंय, डबा कुठे आहे ते.

तर मुलांनो, तुमच्या तीन सायकली. उद्या आरतीनंतर माझ्याकडे घेऊन या. वेल्ड केलेलं फ्रीव्हील काढायचं हत्यार आणि शिकंजा माझ्याकडे आहे, जोशीकाकाही आहेत. तुम्ही दहा दिवस साधं फ्रीव्हील लावून चालवा, दीडशे रुपयांचं, आणि हबसाठी पैसे साठवा. तिघांनी एकत्र मागवलं तर पाठवणीचा खर्च एकदाच पडतो. लॉकरिंगचा पाना मी देईन. चक्र आवळायचं, पुलावर एकदा चढ मारून यायचं, मग चकती पुन्हा आवळायची, हे तुमच्याकडून माझ्यासमोर करून घेईन. आणि त्या एका सायकलला पुढचा ब्रेक आजच लावू. ब्रेक आणि केबल मी येताना पिशवीत घेऊन आलोय. कार्यक्रम संपला की खाली भेटू, पार्किंगमध्ये दिवा आहे.

काकांची सायकलही खालीच आहे, निळी, पोपडे आलेली. पाहायची असेल त्यांनी पाहावी. बसायचं असेल तर आधी मला हाक मारा.